एकच वेल

पूर्णेच्या काठच्या त्या गावात पाणी दोन प्रकारचं. एक विहिरीचं, ते खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि गुरंसुद्धा ते नाइलाजानेच पितात. दुसरं झिऱ्याचं. नदीच्या वाळूत हातभर खड्डा उकरायचा, वाट बघत बसायचं, आणि पाझरलेलं गोड पाणी वाटीवाटीने घागरीत भरायचं. नवी सून गावात आली की सासू तिला चुलीच्या आधी या दोन पाण्यांच्या वाटा दाखवी.

भाऊरावाला त्या वाटांशी कधी कामच पडलं नव्हतं. त्याची सारी नोकरी नांदुऱ्याकडच्या एका रेल्वे फाटकावर गेली. सुटीत घरी आला की तो ताटात पडलेली भाजी खायचा. ती कोणत्या वेलाची हे त्याने कधी विचारलं नाही. परसातली बाग त्याच्या बायकोची, सोजराबाईची.

तो नोकरीतून मोकळा होऊन घरी आला त्या एकाहत्तरच्या श्रावणातच सोजराबाईची उजवी बाजू लकव्याने गेली. मूलबाळ नव्हतं. भाऊरावाने तिची बाज मागच्या दाराशी ओढली, म्हणजे तिला बाग तरी दिसेल. महिनाभराने जीभ थोडी सुटली तेव्हा ती पहिलं बोलली ते हेच.

"वालाले पानी."

तो उठला आणि विहिरीवरून बादली भरून आणली. सोजराबाईने डाव्या हाताने बाजेची कड बडवली.

"खारं नोका दावू झाडाले! त्याच्यापरीस मरू द्या त्याईले."

ही त्याची पहिली शिकवण. बागेला पाणी जायचं ते गोडच, पण वापरून उरलेलं. तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं, अंघोळीचं. मोरीपासून वाफ्यांपर्यंत सोजराबाईने दगडी चिपा लावून पन्हळ केली होती. आता भाऊराव रोज तिला पाटावर बसवून अंघोळ घालायचा, आणि तिच्या अंगावरून ओघळलेलं पाणी पन्हळीतून वालाच्या मुळाशी जायचं.

तो वाल साधा नव्हता. त्याच्या शेंगांना लाल कड होती. लग्नात येताना सोजराबाईने तो माहेराहून पदरात बांधून आणला होता आणि चाळीस वर्षं दरसाल पेरून जिवंत ठेवला होता. माहेरात आता कुणी उरलं नव्हतं आणि तिथला वालही. "बी डब्यात ठेवून जगत नाई," ती म्हणायची. "दोन सालं ठेवलं का मुकं होते. पेरत राहा लागते."

दसऱ्याला झेंडू फुलला, तो भाऊरावाने नुसता पाहिला. कार्तिकात त्याने मेथी फेकली ती दाट झाली. सोजराबाई बाजेवरून हसली आणि विरळणी करायला लावली. रोप उपटताना त्याचा हात अडला.

"काऊन थांबले?"

"चांगलं रोप हाये ना हे."

"चांगलंच उपटा लागते. शेजारचं जगलं पाह्यजे ना!"

त्याने उपटलं, पण मनातून नाही. उपटलेली चार रोपं त्याने तिच्या नकळत कुंपणापाशी लावली.

पौषात वांगी लागली आणि भाऊरावाला बागेचं वेड लागलं. पहाटे उठून तो पानामागच्या अळ्या वेचायचा. शेणाची पाटी डोक्यावर घेऊन यायचा. कडूबा न्हावी कुंपणावरून ओरडायचा, "काय बे भाऊराव, आता वांग्याले हिरवी झेंडी दावतं काय? गाडी कवा येनार हाये वांग्याची?" भाऊराव म्हणायचा, "येईल तवा तुह्याच ताटात उतरवतो." आणि खरंच नेऊन द्यायचा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोजराबाई बी वाटायची. बी विकायचं नाही, मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, आणि आपल्यासाठी मूठभर राखेत पुरून ठेवायचं. त्या वर्षी शेजारची जहांआरा आली. तिचा नवरा शकूर पिंजारी. भाऊरावाने तिच्या ओढणीत वालाचे पाच दाणे टाकले.

"बस, पाचच?" जहांआरा हसली. "दादा, तुमी तं बाईपरीस कंजूस निघाले!"

उरलेलं सगळं बी त्याने मृगात पेरलं. राखेतली मूठसुद्धा. कुंपणाभोवती वालाची भिंत करायची होती त्याला. सोजराबाईने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ठेवलं हाये." हे त्याचं पहिलं खोटं.

बहात्तरचा पाऊस आला तसा गेला. पोळ्याला नदीची धार तुटली. दिवाळीला झिऱ्याचा खड्डा पुरुषभर खोल गेला, आणि पहाटेपासून बसलेल्या माणसाला दोन घागरी मिळू लागल्या. गावातली निम्मी माणसं सडकेच्या कामावर गिट्टी फोडायला गेली. सोजराबाईची अंघोळ आठवड्यातून एकदा झाली. इतर दिवशी ओलं फडकं.

"आता एकच येल धरा," ती म्हणाली. "दाराजवळचा. बाकीचे सोडा."

"सोडा म्हंजे?"

"मरू द्या. एकाले पुरते एवढं पानी. सगळ्याईले देसान तं एकबी राहनार नाई."

भाऊरावाला झोप लागेना. कुंपणावरचे पंधरा वेल, वांग्याची आठ झाडं, मिरची, दोडका. एकेकाला त्याने हाताने उभं केलं होतं. त्यातलं कोणतं सोडायचं? माघात एके दिवशी मिरचीने माना टाकल्या. तो विहिरीवर गेला आणि एक बादली भरली. अर्धं खारं, अर्धं गोड, एकदाच, असं स्वतःला सांगून त्याने ती ओतली. दुसऱ्या दिवशी मिरची ताठ उभी होती.

मग सगळीच बाग त्या पाण्यावर उभी राहिली. दाराजवळचा वेलसुद्धा.

"पानी कोठचं हाये?" सोजराबाईने विचारलं.

"झिऱ्याचं. कडूबा बी देते एक घागर."

पंधरा दिवसांनी पानांच्या कडा करपल्या, जशा विस्तवाला लागाव्यात. वालाला फूल आलं ते गळलं. भाऊरावाला वाटलं, पाणी कमी पडतं. त्याने आणखी घातलं. फाल्गुनात वाफ्यांवर पांढरा पापुद्रा धरला. तो सकाळीच त्यावर माती ओढून झाकू लागला.

चैत्रात त्याने तिच्यापुढे एक वांगं धरलं. लिंबाएवढंच होतं, पण होतं. "पाह्य, आपली बाग."

सोजराबाईने वांग्याकडे पाहिलं नाही. त्याच्या बोटांना माती लागली होती. तिने डाव्या हाताने ते बोट धरलं, तोंडाजवळ नेलं आणि जिभेला लावलं.



"कवापासून?"

"माघापासून."

"राखेतलं बी?"

"तेबी पेरलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "माही बाज फिरवा."

"कोठं?"

"भिंतीकडे."

त्याने बाज फिरवली. त्यानंतर तिने परसाचं नाव काढलं नाही. त्याने हाक मारली तर हूं म्हणायची, भाकरी भरवली तर खायची. वैशाखात उन्हं उतरताना ती गेली, तोंड भिंतीकडेच होतं. शेवटच्या अंघोळीला शकूरने झिऱ्याची भरलेली घागर आणून दिली. ते पाणी मोरीतून पन्हळीत गेलं आणि पांढऱ्या मातीवर तसंच साचून राहिलं. आत मुरलं नाही.

त्र्याहत्तरला पाऊस बरा झाला. गावभर कुंपणं हिरवी झाली. भाऊरावाने नांदुऱ्याच्या बाजारातून मेथी आणि गवार आणून पेरली. ती दोन पानांवर आली, पिवळी पडली, आणि गेली. परसात पाणी साचायचं आणि ऊन पडलं की माती खापरासारखी तडकायची. तो घमेल्याने वरची माती उचलून गावाबाहेर टाकू लागला. कडूबा कुंपणापाशी यायचा, पण चेष्टा करायचा नाही.

एक दिवस जहांआरा आली. ओढणीची गाठ सोडून तिने लाल कडेच्या वाळल्या शेंगा त्याच्यापुढे ठेवल्या.

भाऊराव बघतच राहिला. "हे कोठचे?"

"तुमच्याच पाच दाण्याईचे. फुटक्या रांजनात लावले होते. चार मी उपटून टाकले, एकच ठेवला."

"पानी कोठून आनलं?"

"हे नमाजाआधी पाच टाइम हात-पाय धुतेत ना, वजू. रांजनापाशी बसून करा म्हनलं. तेवढंच पानी. बाईनंच सांगतलं होतं, एकच धर म्हनून. तुमाले नाई सांगतलं काय?"

"सांगतलं होतं."

त्याने एक शेंग उचलली. कानाशी नेऊन हलवली. आत दाणे वाजले. मग ती परत तिच्या ओढणीत ठेवली.

"घ्या ना दादा, तुमच्यासाठीच आनल्या."

"माह्या मातीतलं मीठ उतराले चार-पाच पावसाळे लागतीन. तोवर हे बी मुकं होईन. तुमीच लावा भाभी. दरसाल. अन् आखाजीले वाटा."

"अन् तुमी?"

भाऊरावाने घमेलं उचललं.

"वाटसान तवा मी बी येईन मागाले," तो म्हणाला. "पाच दाने द्या. जास्ती देऊ नोका."