सरबताचा रंग

गौरांगच्या पत्राला वामनरावांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि काहीतरी न केल्याचा आनंद त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच होत होता. मौदा गावातल्या बायकांकडून गौरांग जांभळाचं सरबत करून घेई आणि स्वतःच्या नावानं विकी. यंदा ते बाटलीत काळंनिळं पडत होतं. ‘सर, कारण आपणच सांगू शकाल,’ असं त्यानं लिहिलं होतं.

कारणाचा अंदाज वामनरावांना वाचतानाच आला होता. जांभळाचा रंग हाच त्याचा गुण, शरीराची झीज रोखणारा. तो कशानं बिघडतो, हे शोधण्यात कॉलेजात शिकवतानाची त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. तोच अभ्यास गौरांगनं, त्यांच्या विद्यार्थ्यानं, आपल्या नावावर छापला. तेव्हा भांडायचं धाडस झालं नाही. आपलंच काही चुकलं असेल, असं म्हणत ते रामदासपेठेतल्या खोलीत पुस्तकांत तोंड खुपसून बसले. आता बसू दे त्याला बोंबलत.

मग एका दुपारी त्या बायकांची म्होरकी सिंधूताई बाटली घेऊन, पत्ता शोधत आली. गौरांगनं सगळा माल परत केला होता. बायकांनी शाई मिसळली, असं तो गावभर सांगत होता.

“तो म्हन्ते, सरले लिवलं, सर उत्तर देऊन नाही राहिले. काहून जी, गुरुजी? तुमचं असन त्याच्याशी काही. मार आमाले काहून?”

वामनरावांची मान खाली गेली. बाटल्या कशा धुता, एवढंच त्यांनी विचारलं. साहेबाला चकचकीत लागतात म्हणून धुण्याच्या सोड्यात बुडवायच्या आणि तशाच निथळून भरायच्या, असं तिनं सांगितलं. त्यांनी पेल्यात सरबत ओतलं, वर लिंबू पिळलं. काळपट निळा विरून लालजांभळा रंग वर आला.

सिंधूताई पाहतच राहिली. “म्हंजे आमची शाई नाही. त्याचा चकचकाट.”

“सोडा उतरलेला हा माल गेला, ताई. पुढच्या बाटल्या साध्या पाण्यानं खळखळून घ्या. आणि त्याला इतक्यात सांगू नका. आधी गावासमोर शब्द मागे घेऊ द्या.”

“तो हात जोडून येईन, तवाच मी सांगतो,” ती म्हणाली. पेला तिनं तिथेच मोरीत रिकामा केला.

ती गेल्यावर ते लिहायला बसले. जुनं सगळं उकरून काढलेला मोठा मजकूर त्यांनी फाडला. शेवटी एवढंच उरलं: ‘कारण सिंधूताईंना सांगितले आहे. मौद्याला जाऊन त्यांना विचारावे.’ खाली सवयीनं ‘आपला नम्र’ लिहिलं गेलं. त्यातला ‘नम्र’ त्यांनी खोडला, आणि पत्र टपालपेटीत टाकून, आत पडल्याचा आवाज येईपर्यंत ते तिथे उभे राहिले.