बरणीचं झाकण

शेर्मिनचं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं. सिवासच्या इस्पितळात सांधेदुखीच्या रुग्णांना वीस प्रश्न विचारायचे आणि परदेशातून आलेला तो फॉर्म तुर्की माणसांना लागू पडतो का ते दाखवायचं, एवढंच तिच्या प्रबंधाचं काम. एवढंच म्हणे! दोन वर्षं गेली होती त्यात. तिचे मार्गदर्शक बेद्री सर, त्यांचा नियम कडक: प्रश्न छापलाय तसा वाचायचा, पदरचा शब्द घालायचा नाही. दोन आठवड्यांनी तोच फॉर्म पुन्हा भरून घ्यायचा. उत्तरं जुळली, की फॉर्म भरवशाचा.

त्यात आता नवीन खूळ निघालं होतं. महागड्या इंजेक्शनांची यादी याच फॉर्मच्या गुणांवरून करायची. गुण शून्य ते तीन. जितकी अडचण जास्त, तितके गुण जास्त, आणि तितकं नाव वर.

झेलिहा मावशी पहिल्यांदा आल्या त्या सुनेचा दंड धरून. सुनेनं, फेर्दानं, त्यांच्या कोटाची बटणं काढली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि चहा आणायला गेली. मावशींची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी झाली होती.

"मावशी, एकदा उघडलेल्या बरणीचं झाकण तुम्हाला पुन्हा उघडता येतं का?"

"येतं की. काही अडचण नाही."

शेर्मिननं त्या बोटांकडे बघितलं. नियम गेला खड्ड्यात. "कोण उघडतं?"

"फेर्दा. माझी सून म्हणजे सोनं आहे सोनं."

"अहो, पण तुम्ही स्वतः?"

"सून घरात असताना मी कशाला हात लावू? लोक तिला नावं ठेवतील."

"बरं, समजा, फेर्दा नसलीच तर..."

"अगं बाई! असं अभद्र काय बोलतेस? का मारतेस माझ्या सुनेला?"

कपडे घालणं, केस धुणं, बाजार, सगळ्याला एकच उत्तर: अल्लाची मेहरबानी, काही अडचण नाही. एकूण गुण शून्य.

शेर्मिन तणतणत सरांच्या खोलीत गेली. "सर, सासवा आपल्या हातांचे नाही, सुनेच्या हातांचे गुण देतायत! ही एकटीच नाही, अशा कितीतरी आहेत. प्रश्नात 'कुणाच्या मदतीशिवाय' एवढं तरी घालू या."

"आता?" सरांनी चष्मा काढला. "दीडशे फॉर्म भरून झाल्यावर? दोन वर्षं पाण्यात घालवायचीत का तुला?"

"पण त्या बाईला इंजेक्शन..."

"डॉक्टर यादी बघतील. तू आकडे बघ."

दोन आठवड्यांनी मावशी आल्या त्या एकट्या. कोटाची बटणं उघडीच, डोक्यावरचा रुमाल कसाबसा गुंडाळलेला, मनगटाला पिशवी अडकवलेली. फेर्दाच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. आठ दिवसांपासून ती योझगातला माहेरी होती. शेर्मिनला वाईट वाटलं, आणि लगेच बरंही वाटलं. आज खरं बाहेर येणार. यादी आज संध्याकाळी बंद व्हायची होती, अजून वेळ होता.

"बरणीचं झाकण उघडता येतं का, मावशी?"

"येतं. काही अडचण नाही."

"अहो, फेर्दा घरी नाही ना!"

"नाही, म्हणूनच." मावशींनी आवाज खाली आणला. "ती माहेरी गेली आणि इकडे सासू इस्पितळात रडगाणं लिहून आली, असं तिच्या कानावर गेलं तर? पोर धावत येईल. बाप अंथरुणावर आहे तिचा. राहू दे तिला तिथं."

"तिला कोण सांगणार आहे?"

"कागदावर आलं की सगळीकडे होतं."

"याच कागदावर तुमचं इंजेक्शन आहे हो!" शेर्मिन जवळजवळ ओरडलीच.

"तू नको त्रागा करूस. ज्याचं कुणी नाही त्याला दे. मला फेर्दा आहे."

वीसही उत्तरं तीच. शेर्मिनला रडू कोसळायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात बेद्री सर आत डोकावले, दोन्ही फॉर्म शेजारी धरून त्यांनी बघितले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"शून्य आणि शून्य! तंतोतंत. अशी आणखी वीस माणसं मिळाली, तर आपल्या फॉर्मला कुणी बोट लावणार नाही." त्यांनी इंजेक्शनांच्या यादीतल्या मावशींच्या नावावर रेघ मारली आणि निघून गेले.

मावशींनी मनगटावरची पिशवी टेबलावर सरकवली. आत काकडीच्या लोणच्याची बरणी होती. "तुझ्यासाठी आणलीय. फेर्दानं घातलंय." मग जरा घुटमळून म्हणाल्या, "जाताना झाकण घट्ट लावून गेली बघ ती. उघड ना जरा. आठ दिवस नुसती समोर ठेवून बसलेय."

शेर्मिननं झाकण फिरवलं. एका झटक्यात उघडलं. मावशींनी दोन्ही तळव्यांच्या चिमट्यात एक काकडी धरून वर काढली, कोटावर पाणी सांडलं, तरी डोळे मिटून चावा घेतला.

"बघ, उघडली की नाही?" तोंडातला घास तसाच ठेवून त्या म्हणाल्या. "काही अडचण नाही."