आस्लाकने नेलेली जोडी

ईस्टरच्या शुक्रवारी दुपार कलली तरी आस्लाकचा फोन आला नाही, तेव्हा सिग्नेने धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली.

तिचे वडील आस्लाक सकाळीच डोंगरावरच्या घरी निघाले होते. पूर्वी उन्हाळ्यात तिथे गाई असत. आता ईस्टरला जाऊन चूल पेटवायची आणि भिंतीला टेकून उन्हात संत्री सोलायची, एवढ्यापुरतंच ते घर उरलं होतं. आस्लाकने पुढे होऊन घर ऊबदार करायचं, सिग्ने आणि तिचा धाकटा भाऊ स्वाइनुंग यांनी दुसऱ्या दिवशी सामान घेऊन जायचं, असं ठरलं होतं. धारेवर फोनला रेंज येते. तिथे पोचल्यावर फोन करायचा हेही ठरलं होतं. ही अट स्वाइनुंगची. त्यांची आई मार्गित गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी वारली, तेव्हापासून बापाच्या हातून काहीतरी निसटत चाललंय असं त्याला वाटे. किटली चुलीवर जळून जायची. मेंढ्यांना एकदा चारा घातलेला असला तरी तो पुन्हा घालायचा. सिग्ने खाली शहरात शाळेत शिकवायची. ती सुट्टीला येई तेव्हा बाप नीट बोले, नीट जेवे, आणि स्वाइनुंग उगाच जिवाला घोर लावून घेतो असं ती म्हणे.

स्वाइनुंग मेंढवाड्यातून आला, बूट न काढताच खिडकीशी गेला. ढग इतका खाली उतरला होता की धार कुठे आणि आभाळ कुठे ते कळत नव्हतं. त्याने बहिणीकडे पाहिलं आणि बचाव पथकाला फोन लावला.

पलीकडच्या बाई घाई न करता बोलत होत्या, त्यामुळे सिग्नेला जास्तच धडकी भरली. अशा ढगात हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. पथकाची बहुतेक माणसं शेजारच्या खोऱ्यात दुसऱ्या एका शोधात अडकली होती. बर्फावरची एक स्कूटर तेवढी लगेच पाठवता येत होती. म्हातारा कुठल्या वाटेने गेला असेल, तेवढं नक्की सांगा, असं त्यांचं म्हणणं होतं.

वाटा दोन. एक गोठलेल्या लांबट तळ्यावरून, सपाट, उघडी आणि जवळची. दुसरी मागच्या दरीतून, भूर्जांच्या दाट झाडीतली. वारा डोंगरावरचा सगळा भुसभुशीत बर्फ आणून तिथेच टाकतो.

तळ्यावरून, स्वाइनुंग म्हणाला. बाबा नेहमी तळ्यावरूनच जातात.

सिग्नेने त्याला थांबायची खूण केली आणि ती अंगणापलीकडच्या पडवीत धावली. तिथे भिंतीवर घरातल्या सगळ्या स्की टांगलेल्या असत. तळ्यावरून जायचं तर बाप अरुंद, हलकी जोडी घेई. ती जागच्या जागी होती. तिच्याशेजारचा खुंटा रिकामा होता. तिथली रुंद, जड, जंगलातली जोडी गेली होती.

स्वाइनुंग मागोमाग आला. त्याने अरुंद स्की उतरवून उलटी केली. पायाखालच्या भागाला, बर्फावर पकड यावी म्हणून, लाल चिकट मेण लावलेलं होतं, अगदी ताजं. त्याचा अंगठा त्याला चिकटला. आदल्या संध्याकाळी चुलीपाशी बसून बाप हेच मेण गरम करून पसरवत होता, ते दोघांनीही पाहिलं होतं. आठवडाभर पाऊस पडून मग सगळं गोठलं होतं. उघड्यावरचा बर्फ खडीसारखा टणक झाला होता, आणि त्यावर साधं मेण धरत नाही. म्हणजे तयारी चोख होती. मग तयार जोडी इथे कशी?

"विसरले," स्वाइनुंग म्हणाला. "रात्री ही तयार केली आणि सकाळी हाताला लागली ती उचलली. त्या जड फळ्या ओढत ते तळ्यावर गेलेत, सिग्ने. अंधार पडायच्या आत पलीकडे पोचायचे नाहीत."

सिग्ने म्हणाली की पहाटे बर्फ पडला, कोरडा, पिठासारखा. त्या चिकट मेणाला तो ढेकळांनी लागला असता, एक पाऊल सरकता आलं नसतं. बाबांनी बाहेर येऊन हे पाहिलं असेल आणि बेत बदलला असेल. रुंद जोडी घेतली म्हणजे ते दरीतून गेले.

"तुला तसं हवंय."

तिला ते लागलं, कारण ते खरं होतं. बापाचं डोकं ठिकाणावर असेल तर तो दरीत होता आणि नसेल तर तळ्यावर. बर्फाबद्दल दोघांचं दुमत नव्हतंच. आणि ती चुकली असती तर बाप उघड्यावर गारठून पडला असता, नि ही झाडीत हाका मारत फिरत राहिली असती.

दरीतल्या दाट झाडीत स्कूटर शिरतच नाही, तेव्हा ती तळ्याकडे पाठवायची असं ठरलं. स्वाइनुंगला तिची वाट पाहत बसणं जमेना. त्याने स्वतःच्या अरुंद स्की पायात अडकवल्या आणि तो तळ्याकडे निघूनही गेला. सिग्ने भिंतीसमोर उभी राहिली. तिच्या स्की मैदानी होत्या, दरीत त्या मांडीपर्यंत रुतल्या असत्या. रुंद म्हणावी अशी एकच जोडी उरली होती, आईची. चढावर मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला लावायचे केसाळ पट्टे अजून जोडीजवळ गुंडाळून ठेवलेले होते. तिने ते ताणून बसवले. दोनदा बसवावे लागले.

घरामागच्या उतारावर वाऱ्याने नवा बर्फ उडवून नेला होता आणि खालचा टणक थर उघडा पडला होता. त्यावर त्या स्की खडखडत आडव्या सरकू लागल्या. सिग्ने एकदा गुडघ्यावर पडली, मग कुशीवर. चुकलंच, तिच्या मनात आलं, इथे पोलादी कडांच्या स्की हव्या होत्या. दरीच्या तोंडाशी पोचली तेव्हा तिथे माग नव्हता. एक रेघसुद्धा नव्हती. परत फिरून तळ्याकडे जायला अजून वेळ होता. 

मग ती आत शिरली.

झाडीत वारा पडला आणि बर्फ मऊ झाला. स्की तरंगल्यासारख्या चालू लागल्या. ती हाका मारी आणि ढग त्या हाका जवळच गिळून टाकी. प्रत्येक काळं खोड तिला बसलेल्या माणसासारखं दिसे. एका मोठ्या भूर्जाच्या आडोशाला तिला संत्र्याची साल दिसली, आणि तिच्यापुढे दोन रुंद, उथळ चर झाडांमधून वर गेलेले. ती मोठ्याने रडली आणि तशीच रडत वर चढत राहिली.

आस्लाक गवताच्या पडक्या कोठीपाशी होता. एक स्की काढून तिच्यावर बसला होता आणि दुसरा पाय लांब केला होता. गुडघा पिरगळला होता. ओठ निळसर झाले होते, पण डोळे उघडे होते. त्याने आधी तिच्या पायांकडे पाहिलं.

"मार्गित," तो म्हणाला, "तुला पुढं हो म्हटलं होतं ना? कॉफी ठेव म्हटलं होतं. मागं कशाला आलीस?"

सिग्नेने त्याच्या अंगाभोवती आपलं जाकीट गुंडाळलं आणि थर्मासमधली कॉफी त्याच्या तोंडाला लावली. मी सिग्ने आहे असं ती म्हणाली नाही. बाबा म्हणावं की नाही तेही तिला कळेना. थोडी कॉफी पोटात गेल्यावर तिने विचारलं, तळ्यावरून का नाही गेलात?

तेव्हा तो तिच्याकडे वेड्याकडे पाहावं तसा पाहू लागला. एवढा पाऊस झाला, तळ्यातल्या बर्फावर पाणी चढलंय, तो म्हणाला, आणि वर नवा बर्फ पडलाय म्हणजे ते दिसणारसुद्धा नाही. शिवाय मेण सगळं ढेकळं धरणार. शाळेत पोरांना शिकवतेस आणि हे कळत नाही तुला? इतकं बोलून तो उठायला लागला. मार्गित एकटी आहे वर, तो म्हणाला, तिला चूल पेटवता येत नाही, लाकडं ओली आहेत.

एकाच श्वासात त्याने लेकीला ओळखलं होतं आणि बायकोला जिवंत केलं होतं. सिग्नेने त्याचे खांदे धरून त्याला खाली बसवलं. आधी खाली जाऊ, मग बघू, एवढंच ती म्हणाली, आणि त्याने का कोण जाणे ते ऐकलं.

त्याला आपल्या पिशवीवर बसवून ती रेंज येईपर्यंत खाली गेली, पथकाला फोन केला आणि पुन्हा वर आली. तेवढ्या वेळात तो उठून चालू लागला असेल या भीतीने ती वाटेत कुठेही थांबली नाही. तो जागच्या जागी होता आणि कुडकुडत होता. ती त्याला मिठीत घेऊन बसली. पथकाची माणसं घसरगाडी हाताने ओढत आली, तेव्हा त्याने त्यांना कुठल्या झाडापाशी वळायचं ते नीट सांगितलं.

स्वाइनुंग दरीच्या तोंडाशी भेटला. त्याची विजार गुडघ्यापर्यंत गोठून ताठ झाली होती. तळ्यावर बर्फाखाली पाणी होतं, त्याच्या स्कींना दगडासारखा बर्फ धरला होता, आणि त्या खांद्यावर टाकून तो मागे फिरला होता. तो बहिणीला म्हणाला, तुझं बरोबर होतं. तो हसत होता. सिग्नेने त्याला बाजूला नेऊन वर काय झालं ते सांगितलं. आईच्या स्की पाहून फसले असतील, तीच पुढे म्हणाली, थंडीने असं होतं. स्वाइनुंगने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, आणि तोंड फिरवून तो मेंढवाड्याच्या दिशेला चालू लागला.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. आस्लाकला रात्रीच दवाखान्यातून घरी सोडलं होतं. पाय उशीवर ठेवून तो भाकरीवर तपकिरी चीज कापून ठेवत होता. स्वाइनुंग बाहेर गेल्याची खात्री करून त्याने सुरी खाली ठेवली.

"काल मी तुला काही भलतंच बोललो का?"

सिग्ने नाही म्हणणार होती. तिचं तोंडही उघडलं होतं.

"आई पुढे गेलीय म्हणालात," ती म्हणाली. "आणि मला आई समजलात."

आस्लाकने चिजाच्या पातळ कापावर बोट फिरवलं. 

"मला ती दिसली होती," तो म्हणाला. "झाडांतून पुढं चाललेली. मला माहीत होतं ती नाही, आणि तरी दिसत होती." मग म्हणाला, "याआधीही झालंय. घरात."

 सिग्नेने खुर्ची ओढून त्याच्याजवळ घेतली.

"सुट्टी संपली की डॉक्टरकडे जाऊ," तो म्हणाला. "तू चल. स्वाइनुंग नको, तो रडतो."

सिग्नेने होकार दिला आणि मुख्याध्यापकांना फोन करून सुट्टीनंतरची रजा मागायला ती उठली.