मलाझमधली रडणारी वेल

गुरुवारी संध्याकाळी रियाधच्या मलाझ भागातल्या आमच्या घरात आई मऊ ब्रशनं वेलीच्या पानांवरची धूळ झटकत होती. मेलॅनोक्रायसम हे तिचं खरं नाव. ते उच्चारताना बाबा दर वेळी अडखळायचे, म्हणून घरात ती नुसती 'काळी'. हातभर लांब, मखमली, काळपट हिरवी पानं आणि त्यांवर फिकट शिरा. रियाध सोडून निघालेल्या एका फिलिपिनो नर्सकडून आईनं बोटभर कांडी आणली होती. इथल्या हवेत ही जगणार नाही, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. आईनं ती शेवाळ गुंडाळलेल्या काठीवरून छताला पोचवली.

"पाणी नका घालू तिला," ती बाबांना म्हणाली. "मुळं कुजतील."

"वाळवंटात राहते बिचारी."

"ती वाळवंटात नाही, आपल्या हॉलमध्ये राहते. व्हा बाजूला."

शुक्रवारी सकाळी आई चहा टाकायला उठली आणि ओट्याशी कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिला पुण्याला नेण्याच्या कागदपत्रांत कितीतरी दिवस गेले. पुण्याहून बाबा आणि मी, आम्ही दोघंच परतलो, तेव्हा काळी तशीच होती. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर अफशाँनी तिची काळजी घेतली होती.

दर शुक्रवारी आमच्या घरी भजन सुरू झालं, ते सुमीतमुळे. तो एका बँकेत जोखीम विभागात काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी आत्म्यांशी बोलायचा. आईचा आत्मा वेलीत अडकलाय, हे त्यानं दारातूनच ओळखलं. बाबांनी त्याला आत घेतलं.

आपल्या लोकांची भजनं इथं कशी होतात, ते सांगायला हवं. इथं उघडपणे पूजा करता येत नाही. चपला जिन्यात दिसू नयेत म्हणून पिशवीत भरून आत आणतात. खिडक्या घट्ट लावतात, पडदे ओढतात, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दाराखाली टॉवेल सारतात. निरांजन विझू नये म्हणून एसी बंद करतात. सुमीतनं यात आणखी एका विधीची भर घातली. दुपारपासून काळीला थोड्या थोड्या वेळानं कोमट पाण्याचा अभिषेक.

एका शुक्रवारी तिसरी आरती चालू असताना सुमीतची बायको अमिता ओरडली, "पान बघा, पान."

पानाच्या लांब टोकाशी एक थेंब फुगत होता. तो गळला. मग दुसऱ्या पानाला आला, तिसऱ्याला आला. माणसं घामानं भिजली होती, पण उठलं कोणीच नाही.

"ताई रडतायत," सुमीत डोळे मिटून म्हणाला. "आत्मा ही शुद्ध फ्रीक्वेन्सी असते. वनस्पती हा अँटेना. हे क्वांटम आहे, साधं नाही. काका, चमचा आणा. हे पाणी नाही, हे ताईंचं औषध आहे."

बाबांनी चमचा धरला. आयुष्यभर पाण्याचे पंप बसवलेल्या त्या माणसानं थेंब झेलला आणि पिऊन टाकला. माझाही हात पानाखाली गेला, ते लपवत नाही.

"ताई म्हणतायत, सुया बंद करा," सुमीत पुढे म्हणाला. "म्हणतायत, आता मी आहे ना."

त्या दिवसापासून बाबांनी इन्सुलिन घेणं सोडलं. मी इन्सुलिनचं पेन पुढे केलं की म्हणायचे, "तुझ्या आईनं सांगितलंय." मी रडले, ओरडले, लेख वाचून दाखवले. ते शांतपणे ऐकायचे आणि चमचाभर पाणी प्यायचे. तोंड कोरडं पडायचं, रात्रभर लघवीला उठायचे. अभिषेक आता रोज होऊ लागला. काळीची खालची पानं पिवळी पडली. सुमीत म्हणाला, ताई दुःख त्यागतायत.

अफशाँनी बाबांची साखर तपासली आणि मला स्वयंपाकघरात ओढलं. त्या रत्नागिरीकडच्या. आईची आणि त्यांची दोस्ती अळूवड्यांवर जमलेली.

"असाच चालला तर बाप बेशुद्ध पडेल गो तुझा. त्या पानाच्या रसानं घसा सुजेल तो वेगळा. तू काय नुसती बघत बसणार?"

"मी काय करू? त्यांना आई बोलताना ऐकू येते. त्याच्यापुढे माझं कसं ऐकतील?"

"थेंब येतो कुठून, ते सांग त्यांना."

"तेच तर कळत नाहीये."

अफशाँनी कपाळावर हात मारला. "पुस्तकं एवढी वाचतेस, अळू कधी बघितला नाहीस? सकाळी न्हाणीघरात ठेवलेला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले. त्यांच्या न्हाणीघरात वड्यांसाठी अळूची कुंडी होती. घरातल्यांच्या गरम पाण्याच्या आंघोळी उरकल्यावर तिथं धुकं साचायचं. प्रत्येक पानाच्या टोकाला एकेक थेंब लटकलेला होता. काळी ही अळूच्याच कुळातली वेल, हे मी कुठंतरी वाचलं होतं. वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं.

पुढच्या शुक्रवारी सुमीत यायच्या आधी मी अळूची कुंडी काळीच्या शेजारी ठेवली. दुपारपासून बाबांकडून तिलाही कोमट पाणी घालून घेतलं. मग नेहमीसारखंच सगळं झालं. पडदे, टॉवेल, एसी बंद, माणसांनी भरलेली खोली. आरतीच्या मध्यावर काळी रडू लागली. त्यानंतर थोड्याच वेळात अळूही रडू लागला.

टाळ्या थांबल्या.

"ताईंनी दुसरं माध्यमही निवडलंय," सुमीत म्हणाला. त्याचा हजरजबाबीपणा मानायला हवा.

अफशाँ दाराशी उभ्या होत्या. "ही कुंडी माझी आहे. हिची पानं मी परवा वड्यांना कापली. तर आता मी काय खाल्लं म्हणायचं, सुमीतभाऊ?"

मागून कुणीतरी हसलं. अमिताला मात्र नवऱ्याची बाजू सावरायची होती. ती घाईनं म्हणाली, "असं काही नाही हो डॉक्टर. अळूत दैवी शक्ती असतेच. आमच्याकडचाही रडतो बाथरूममध्ये. ह्यांनीच दाखवला मला, गेल्या वर्षी. म्हणाले, भरपूर पाणी घालून कोंडून ठेवला की…"

"अमिता," सुमीत म्हणाला.

सगळ्यांची तोंडं सुमीतकडे वळली.

मी एसी लावला, टॉवेल काढला, खिडकी उघडली. बाहेरची कोरडी हवा आत आली. मग मला माहीत होतं तेवढं सांगितलं. मुळं पाणी वर ढकलत असतात. एरवी ते पानांतून वाफ होऊन उडून जातं. माती चिंब असली आणि हवा आपल्या श्वासांनी दमट झाली, की वाफ उडत नाही. मग तेच पाणी पानाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर येतं. गावाकडे पहाटे हे कुणीही बघतं आणि त्याचं काही वाटत नाही. रियाधच्या हवेत ते दिसत नाही, म्हणून आपल्याला चमत्कार वाटला. खोली आपणच कोंडली, आणि हे कोंडल्यानं होतं हे एकाला आधीपासून माहीत होतं.

थेंब यायचे थांबले. पानांची टोकं सुकली. सुमीत म्हणाला, शंकेनं लहरी तुटतात. चपलांची पिशवी सर्वांत आधी त्यानंच शोधली.

असं काही तुमच्या घरी दिसलं, तर कुणाशी भांडू नका. खिडकी उघडा आणि थांबून बघा. जे बंद खोलीतच घडतं, ते खोली उघडल्यावर घडतं का, एवढंच विचारा. आणि डॉक्टरनं दिलेलं औषध सोडायला सांगणारा कुणाच्याही आवाजात बोलत असो, त्याला दाराबाहेर काढा.

हे लिहिणं सोपं आहे. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर बाबा वेलीसमोर चमचा धरून बसले होते. मी कुंडीतली माती उकरली. मुळं काळी, मऊ पडली होती. वासही येत होता. काळी वाचणार नव्हती.

"तुझं पटलं," बाबा म्हणाले. "दाब म्हणजे काय, ते मला कळतं. जन्म गेला त्यात."

"मग इन्सुलिन घ्या."

"घेईन. आधी एसी बंद कर जरा. खिडकी लाव. थोडाच वेळ."

"बाबा, ते पाणी आहे."

"माहीत आहे गं. तरी."

थेंबाचं कारण सापडलं होतं, पण 'तरी'वर काय बोलायचं, ते मी कुठंच वाचलं नव्हतं. विमानतळावर, दूतावासात, पुण्यात नातेवाइकांसमोर मी 'निधन' म्हणाले होते, 'गेली' म्हणाले होते, 'झालं ते' म्हणाले होते. घरात तर आम्ही एवढंही बोललो नव्हतो. म्हणूनच सुमीतला आमच्या घरात जागा मिळाली. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि त्यांच्या हातातला चमचा काढून घेतला.

"आई मेली, बाबा," मी म्हणाले. "पानात नाही, पाण्यात नाही. माझी आई मेली."