पातं अडवणारी आज्ञा

मित्रांनो, मी एक जुनी आज्ञा आहे. छापखान्यात कागद कापण्याचं यंत्र आहे ना, त्याच्या संगणकात राहते. मला एकच काम येतं, सगळं थांबवायचं.

मला लिहिलं यंत्र चालवणाऱ्या काकांच्या मुलीने. वडिलांची बोटं पात्याजवळ, म्हणून तिच्या जिवाला घोर. आमची भाषा मोठी मजेची. आधी आकडे सांगायचे, आज्ञा मागून. आकडे ताटांसारखे एकावर एक रचायचे आणि उचलताना वरचाच उचलायचा. कापण्याआधी दोन आकडे लागतात. खाली कागदाची रुंदी, वर हातांची खबर. शून्य म्हणजे हात पात्याखाली; दुसरा कुठलाही आकडा म्हणजे रस्ता मोकळा. मी थप्पी तपासते. दोनांतला एखादा आकडा आलाच नसेल तर ओरडते, आणि सगळं काम बंद!

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग हातांची खबर आणणारी तार सैल झाली आणि मी घडीघडी अडू लागले.

"यंत्र आहे की रुसूबाई?" काका मुलीवर करवादले. "सगळा खोळंबा करून ठेवलाय!"

ती घाईत होती. तार कोण बघत बसणार? तिने एक झेलणारी आज्ञा लिहिली. मी ओरडले की ती माझी ओरड झेलायची आणि मुकाट्याने गिळून टाकायची. काम पुढे चालू. मला राहून राहून कुतूहल वाटे, माझी हाक जाते तरी कुठे?

काकांची सवय अशी, की पायाने कळ आधीच दाबून ठेवायची. हात बाहेर आले की यंत्र आपणहून कापतं, हा त्यांचा भरवसा. त्या दुपारी हात आत असतानाच तार सुटली. थप्पीवर एकटी रुंदी उरली. मी जिवाच्या आकांताने ओरडले, पण व्यर्थ. यंत्राने रुंदीच हातांची खबर म्हणून उचलली. दोनशे दहा. शून्य नाही, म्हणजे रस्ता मोकळा!

काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. पात्याखाली काकांच्या बाहीचं टोक तेवढं गेलं.

मुलगी धावत आली. कापली गेलेली बाही हातात धरून रडली. "बाबा, ते सांगत होतं हो. मीच त्याचं तोंड दाबलं."

तिने त्याच दिवशी तार बदलली. झेलणारी अजून आहे, पण आता ती आधी पातं रोखते आणि काय बिघडलं ते पडद्यावर दाखवते.

मित्रांनो, कामात कुणी अडलं तर चिडा हवं तर, पण का अडलं तेही विचारा. आमचे काका विचारतात. मी थांबवलं की कळीवरचा पाय काढतात, दोन्ही हात मांडीवर ठेवतात आणि पडद्याकडे वाकून म्हणतात, "बोल बाई, काय राहिलं?"