परक्या नेच्याची परीक्षा

मित्रांनो, मागच्या अंगणातल्या कुंडीत वाढलेला मी एक जुना नेचा. मी मूळचा इथला नाही. या घरच्या काकूंचे यजमान जहाजावर नोकरीला होते. दूरच्या एका बंदरावरून त्यांनी मला ओल्या फडक्यात गुंडाळून आणले. पुढे ते वारले, आणि काकूंनी मला तळहातावरच्या फोडासारखे जपले. शेजारणी माझे कौतुक करायच्या, तेव्हा काकू अशा फुलायच्या, जणू त्यांचा मुलगाच पहिला आला.

माझ्या पानांमागे तपकिरी ठिपके दिसले की काकू धास्तावायच्या. त्यांना वाटे, रोग पडला. मग बादलीभर पाणी घेऊन त्या एकेक पान पुसत आणि ते पाणी मागच्या गटारात ओतत. पुसून घेणे मला आवडायचे. आता आवडनिवड उरलेली नाही, नुसते सांगतो.

काकूंची मुलगी परदेशी वनस्पतींचा धोका तपासण्याचे काम करते. ते गटार ज्या ओढ्याला मिळते, तिथे एका नव्या नेच्याने पाय पसरले होते. त्याच्याखाली शेवाळ आणि बारीक रोपे गुदमरून मेली होती. मुलगी माग काढत गटाराच्या कडेने निघाली, ती थेट स्वतःच्याच घरी पोहोचली. मग माझी परीक्षा झाली. सावलीत वाढतो का? उन्हात तगतो का? तुकड्यातून पुन्हा फुटतो का? दुसऱ्याची जागा बळकावतो का? जितके गुण जास्त तितका घात, अशी ती परीक्षा. मला पैकीच्या पैकी मिळाले.

"तो रोग नव्हता, आई," मुलगी म्हणाली. "ते याचे बीजाणू. बियांसारखेच. तू ते ओढ्यात सोडत होतीस."

काकूंनी माझ्या कुंडीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "त्यांची एवढी एकच आठवण राहिलीय गं. बाकीचे सगळे उपटा, हा एवढा राहू दे."

मुलगी त्यांच्या शेजारी बसली. "हा राहिला तर ओढा पुन्हा भरेल. तूच सांग, काय करू?"

काकूंनी पदर खोचला. त्या उठल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी मला उपटले.

आता मी तोंड बांधलेल्या पिशवीत आहे. उद्या मला जाळतील. वाईट वाटायला हवे, पण काहीच वाटत नाही. मित्रांनो, कुणाला दुरून घरी आणाल, तर आधी त्याची नीट चौकशी करा. नुसत्या मायेने भागत नाही. बाहेर काकू कुंडीतली माती बोटांनी चाळत आहेत. माझा एखादा तुकडा मागे राहू नये, म्हणून.