माझ्या पोटातले अर्धा किलो लोखंड

मित्रांनो, मी एक जळालेला पॉवर सप्लाय आहे. देऊळघाटला इंद्रभान यांच्या घरी खिडकीत पडून असतो. माझे झाकण उघडे आहे आणि पंख्यात कोळ्याने जाळे केले आहे. भिंतीतली वीज घ्यायची आणि कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाला झेपेल तेवढीच वाढायची, हे माझे काम होते. ते मला नीट करता आले नाही. त्याचीच ही हकीकत आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. कुठल्या गावात, ते मलाही ठाऊक नाही. मोठे भाग लागतात तिथे छोटे बसवले गेले आणि तारा बारीक वापरल्या गेल्या. मी तयार झालो तेव्हा रिकाम्या डब्यासारखा हलका लागत होतो. हलका माल कोण घेणार? म्हणून तळाशी गोंद लावून लोखंडाचा एक तुकडा चिकटवला. वर झाकण आले. स्क्रूवर कागद आला, ‘सील तोडल्यास वॉरंटी नाही’. अंगावर मोठ्या अक्षरांत ‘५०० वॅट’ छापले. माझ्यात दोनशेचीही ताकद नव्हती. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ती सोनूबाई मीच.

इंद्रभान यांची लेक रेणुका शेगावच्या एका लॉजच्या काउंटरवर बसायची. आलेल्या भक्तांची नावे रजिस्टरात लिहायची आणि गर्दी ओसरली की रजिस्टराखालची दुसरी वही काढायची. त्या वहीत तिचा कॉम्प्युटर होता, एकेका भागाच्या नावात आणि किमतीत. मोबाइलवर ती गेम असा खेळायची की पुण्याच्या एका संघाने तिला विचारले होते, स्वतःचा कॉम्प्युटर असेल तर मार्चमध्ये चाचणी देशील का? निवड झाली तर खेळण्याचा पगार मिळणार होता. दोन वर्षे साठवलेल्या पगारात सगळे बसवायचे होते. तिने मॉनिटर लॉजचा जुना घेतला. प्रोसेसर मागच्या वर्षीचा निवडला. ग्राफिक्स कार्ड अकोल्याच्या एका विद्यार्थ्याकडून वापरलेले घेतले आणि रेल्वेने येताना टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरून आणले. रॅम सोळा जीबीची आठ केली, कारण ती नंतर वाढवता येते. पण वहीत एका ओळीखाली तिने दोनदा रेघ मारली होती. ‘पॉवर सप्लायमध्ये काटकसर नाही.’ पोरगी हुशार होती, मित्रांनो. ती चुकली नाही. चूक पुढे तिच्या बापावरच्या मायेने केली.

शेवटची खरेदी बुलडाण्याला हरिओमच्या दुकानात होती. सोबत इंद्रभान आले. ते बाजार समितीत मापारी होते, म्हणजे पोती काट्यावर चढवून वजन पुकारणारे. त्यांच्या हाताची पंचक्रोशीत ख्याती होती. कोणी कोहळे आणावे, कोणी बकरीचे पिल्लू. इंद्रभाननी ते हातावर घ्यावे, डोळे मिटावे आणि आकडा सांगावा. मग काट्यावर ठेवायचे आणि हरेल त्याने चहा पाजायचा. इंद्रभाननी कधी चहा पाजला नव्हता.

हरिओमने काउंटरवर दोन पॉवर सप्लाय ठेवले. एक नावाजलेल्या कंपनीचा, किंमत माझ्या तिप्पट. दुसरा मी. इंद्रभाननी आधी त्याला उचलले, मग मला.

“हे त वाळल्या पोळीवानी हाय,” ते त्याच्याकडे बोट करून म्हणाले. मग मला थोपटले. “याच्यात माल हाय. रेणू, वजन खोटं बोलत नाई.”

“बाबा, याच्यात वजन नाई पाह्यत,” रेणुका हळूच म्हणाली.

तेवढ्यात दुकानातल्या एकाने त्यांना ओळखले. “मापारीकाका, सांगा बरं किती भरंन?”

इंद्रभाननी डोळे मिटले. “एक किलो आठशे.”

हरिओमने मला पार्सलच्या काट्यावर ठेवले. एक किलो सातशे नव्वद. सगळे हसले, कोणीतरी चहा सांगितला. इंद्रभान लाजून मिशीवरून हात फिरवत होते. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तोललेल्या त्या माणसाने पहिल्यांदाच आपल्या लेकीसाठी काहीतरी तोलले होते.

“हे घेतलं त तुही रॅमबी सोळाची येते,” ते म्हणाले.

रेणुकाने वहीतली रेघ पाहिली, मग बापाचा चेहरा पाहिला. तिने वही मिटली.

तीन महिने मी रेटून नेले. खोटे कशाला बोलू, ते दिवस फार चांगले होते. रेणुका सुट्टीला यायची, खेळायची आणि इंद्रभान मागे खुर्ची टाकून बसायचे. त्यांना खेळातले काही कळत नसे, पण ती जिंकली की तिच्याआधी त्यांना कळायचे. शेजारचे शेषराव आले की ते मला दाखवून म्हणायचे, “याच्यावर चालते सारं. मीच निवडलं.” त्या शब्दांनी मला आतून चटका बसायचा. मी कुंईकुंई आवाज करू लागलो होतो, तापू लागलो होतो. रेणुकाला वास येत होता. माझ्यावर भार कमी यावा म्हणून तिने खेळातली चित्रे साधी केली, खिडकी उघडी ठेवली. वडिलांना मात्र ती एक शब्द बोलली नाही. मलाच बोलता आले असते तर!

चाचणी रविवारी दुपारी होती, घरूनच, इंटरनेटवर. दोन खेळ तिने जिंकले. तिसऱ्यात पूर्ण जोर लागला. मी देता आली तेवढी वीज दिली आणि मग माझ्यात फट्ट झाले. चांगला पॉवर सप्लाय मरताना आपल्यापुरता मरतो. मी मरताना मदरबोर्ड घेऊन गेलो आणि मांडीवर धरून आणलेले ग्राफिक्स कार्डही. खोलीत धूर झाला. छताचा पंखा मात्र फिरतच होता, म्हणजे लाइट गेली नव्हती.

“काऊन बंद पडलं वं?” इंद्रभाननी विचारले.

“व्होल्टेजनं झालं, बाबा.”

पुण्याहून निरोप आला, पुढच्या वर्षी पाहू. वर्षात पुन्हा तेवढे पैसे कुठून येणार होते?

दुसऱ्या दिवशी तिने माझे सील तोडले. बाप समोर बसला आहे, हे तिच्या ध्यानात यायला उशीर झाला. झाकण निघाले, उष्णतेने सुटलेला गोंद निखळला आणि लोखंडाचा तुकडा फरशीवर पडला. इंद्रभाननी तो उचलला. सवयीने त्यांचे डोळे मिटले.

“अर्धा किलो,” ते म्हणाले. “बराबर अर्धा किलो.”

रेणुकाने तो काट्यावर ठेवून पाहिला नाही. हात खरा होता, माल खोटा होता. ती मंगळवारी शेगावला काउंटरवर परत गेली. वही घरीच राहिली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला भुलू नका, असे मी सांगणार होतो. नीट पाहून घ्या, विचारून घ्या, जाणत्याचे ऐका. पण त्या घरात जाणते माणूस होते. फक्त त्याला बापाचे मन मोडवले नाही. म्हणून एवढेच मागतो. आपल्या माणसाला खरे सांगायला उशीर करू नका. दुकानात दुखले असते ते घडीभर दुखले असते.

काल शेषराव वाडीतले कोहळे घेऊन आले. नेहमीसारखे हसत पुढे धरले. “इंद्रभान, सांग बरं, किती भरंन?”

इंद्रभाननी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“काट्यावर ठेवा, भाऊ,” ते म्हणाले, “मले नाई समजत.”